अनुभव धागा: जुना रेसिंग गेम नव्या कॉम्प्युटरवर कसा चालवलात?

गणपतीत गावी गेलो होतो. माळ्यावरच्या ट्रंकेत ‘नीड फॉर स्पीड २ एसई’ची सीडी सापडली. १९९७ची. लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही, म्हणून भाच्याकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह उसना घेतला. सेटअपवर क्लिक केलं, तर विंडोज १० म्हणे, हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालणार नाही. कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये (जुन्या विंडोजचं सोंग घेण्याची सोय) विंडोज ९५ निवडा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, असं करत दोन रात्री फुकट घालवल्या. मग उमगलं की गेम ३२-बिट असला तरी त्याचा इन्स्टॉलर त्याहून जुन्या धाटणीचा, १६-बिट आहे, आणि ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅमला दारातही उभं करत नाही. शेवटी चाहत्यांनी केलेला पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, टाकली आणि गेम सुरू झाला.

खरी गंमत पुढे. या गेमला त्या काळच्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांची ‘ग्लाइड’ भाषा कळते. आमच्या घरी तसलं कार्ड कधीच नव्हतं, त्यामुळे लहानपणी सगळं खडबडीत चौकोनी दिसायचं. आता एनग्लाइड टाकलं. ते ग्लाइडचे आदेश आजच्या ग्राफिक्स कार्डाला समजावून सांगतं. मॅक्लारेन एफ१ घेऊन हिमालयातल्या ‘मिस्टिक पीक्स’वर निघालो आणि पहिल्यांदाच तो रस्ता नीट दिसला!

तुमचेही उद्योग सांगा. फसलेलेसुद्धा.

पेंटियमप्रेमी: माझं ‘नीड फॉर स्पीड ३’ (१९९८) सुरू व्हायचं आणि मध्येच मान टाकायचं. टास्क मॅनेजरमधून त्याला प्रोसेसरचा एकच कोअर (काम करणारा भाग) दिला, तेव्हा शांत झालं. बिचाऱ्याच्या काळी कोअर एकच असायचा.

साखळीवाला: रोड रॅश! कॉम्प्युटर क्लासला टायपिंगच्या नावाखाली आम्ही तेच शिकलो. विंडोज १०वर रंग असे विस्कटले की पोलीस जांभळा. कम्पॅटिबिलिटीच्या यादीत २५६ रंग आणि ६४० x ४८० वर टिक केली नि जमलं. बायको म्हणाली, यासाठी रविवार घालवलास?

सीडी जपणारी: माझा अनुभव फसलेला. ‘मोस्ट वाँटेड’ची (२००५) पैसे देऊन घेतलेली डिस्क आहे, पण विंडोज १०वर ती चालत नाही. तिच्यावरचं नक्कल रोखणारं सेफडिस्क नावाचं कुलूप उघडायला जो ड्रायव्हर लागतो, तो सुरक्षेला धोका म्हणून विंडोज १०मध्ये ठेवलेलाच नाही. निर्णय पटतो, राग तरीही येतो. आता दादाचा जुना विंडोज एक्सपीचा डबा टेबलाखाली ठेवलाय, इंटरनेटची वायर न जोडता. पंखा रिक्षासारखा आवाज करतो, पण गेम पळतो.

उबुंटूकर: धागाकर्ते, १६-बिट सेटअपचं माझ्याकडे उलटंच झालं. लिनक्सवर ‘वाइन’ (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून तोच सेटअप चालवला, मुकाट्याने चालला. विंडोजचा इन्स्टॉलर विंडोजवर नाही, पण लिनक्सवर चालतो, हे ऑफिसात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवेना. स्टिअरिंग व्हील मात्र ओळखलं जात नाही, कीबोर्डावर भागवतोय.

पेंटियमप्रेमी: @उबुंटूकर, कुठलं व्हील? माझं जुनं गेमपोर्टवालं (यूएसबीआधीच्या जोडणीचं) आहे, त्याला यूएसबीचा अडॅप्टर लावून बघायचाय. ‘मिडटाउन मॅडनेस’ कोणी चालवलंय का?