माप खिडकीचं घ्यायचं की दांडीचं? आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत पडदे लावायचेत

भुसावळची मावशी

नमस्कार मंडळी. आखाजीला लेक-जावई येताहेत. त्याआधी नव्या घरात निदान दोन खोल्यांना तरी पडदे लागले पाहिजेत, चादरी अडकवून किती दिवस काढायचे!

मिस्तरी म्हणाला होता, "सगळ्या खिडक्या चार बाय चार." मी टेप लावली तर एकाच खिडकीची रुंदी वर ४७ इंच ३ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), मधे साडेसत्तेचाळीस, खाली ४७ इंच ६ सूत. उंची डावीकडे ४८, उजवीकडे सव्वाअठ्ठेचाळीस. यातलं कोणतं माप धरू?

एवढी चिकित्सा करण्याचं कारण म्हणजे मागचा अनुभव. रेल्वे क्वार्टरमध्ये होतो तेव्हा मी ब्लाउजच्या टेपने माप घेतलं आणि तेवढंच कापड फाडून आणलं. सुती होतं. पहिल्याच धुण्यात दोन इंच आखडलं आणि पडदे खिडकीखालच्या कडप्प्याच्या वरच लोंबायला लागले. आमचे हे म्हणाले, "पडदे हाफ चड्डी घालून उभे आहेत." त्यांचे पुढे उशांचे अभ्रे झाले. एक अजून वापरात आहे.

बेडरूमची खिडकी पश्चिमेला आहे. दुपारी तीन वाजले की ऊन थेट पलंगावर. भुसावळचा मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे, पारा ४५ च्या खाली यायला तयार नसतो. हॉलच्या खिडकीत कूलर बसवलाय, त्या खिडकीला पडदा लावावा की नको, हाही प्रश्नच आहे.

शिलाईवाला, धुळे

मावशी, तुमच्या मापात चूक काही नाही. प्लास्टर करताना कोपरे असेच निघतात, काटकोनात खिडकी मी तरी क्वचितच पाहिलीय. पट्ट्यांचे ब्लाइंड चौकटीच्या आत बसवणार असाल तर सगळ्यात लहान माप धरायचं, नाहीतर ते अडकतात. पण पडदा बाहेरून लागतो. तेव्हा खिडकी विसरा, आधी दांडी कुठे बसणार ते ठरवा. बाकीची सगळी मापं तिथून निघतात.

दांडी चौकटीच्या वर ५ इंच आणि दोन्ही बाजूंना ६-६ इंच बाहेर धरा. म्हणजे ६० इंच झाली. बाजूला एवढी जागा असली की पडदा सरकवल्यावर काच झाकली जात नाही, आणि पश्चिमेचं ऊन फटीतून आत येत नाही.

कापड ५४ इंच पन्ह्याचं घ्या. दोन पाट (म्हणजे पडद्याचे डावा-उजवा असे दोन भाग), कडेच्या दुमडी जाऊन साधारण १०२ इंच रुंदी उरते. ६० च्या दांडीला ती पावणेदोन पटीच्या जवळ जाते, जाड कापडाला एवढ्या चुन्या पुरतात. झिरझिरीत घेणार असाल तर दुपटीच्या वर जा, नाहीतर पडदा ताणून वाळत घातलेल्या लुगड्यासारखा दिसतो.

लांबी: दांडीपासून कडप्प्याच्या खाली ६ इंचांपर्यंत ५९. कापडातच रिंगा बसवलेला पडदा दांडीच्या वर दीड इंच उभा राहतो, तो मिळवा. वरच्या पट्टीला ४, खालच्या दुमडीला ५. एका पाटाला ७० इंच झाले. दोन पाटांना १४०, आखडायला थोडं जास्त धरून पावणेचार मीटर. सुती असेल तर कापायच्या आधी रात्रभर भिजत घाला, वाळवा, इस्त्री करा, मगच शिवायला टाका. आणि टेप लोखंडी वापरा. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते.

रिंगा प्रत्येक पाटाला सम घ्या, ८ चालतील. विषम घेतल्या तर एका टोकाची कड भिंतीकडे न वळता खोलीकडे तोंड करून उभी राहते.

पाचोऱ्याची सून

कूलरचं मी सांगते, आमचा दोन उन्हाळ्यांचा अनुभव. कूलरसमोर पडदा आला की तो फडफडतो, ओलसर होतो आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग धरतो. ते सहजासहजी निघत नाहीत. आम्ही त्या खिडकीची दांडी एका बाजूला फूटभर जास्त घेतली आणि पडदा पूर्ण तिकडे सरकवून बांधून ठेवतो. सासूबाई म्हणाल्या, वाकडं दिसतं. दिसू देत.

आणखी एक. कूलर चालू असताना हवा बाहेर जायला दुसरी खिडकी उघडी लागते. तुमची ती वाट बेडरूमच्या खिडकीतून असेल तर जाड पडदा ओढून ती गच्च बंद करू नका, घर नुसतं दमट होतं.

भुसावळची मावशी

दोघांचेही आभार. शिलाईवाले भाऊ, तुम्ही म्हणालात तशी दांडीची जागा पेन्सिलीने आखली, तर डावीकडे कपाट आडवं आलं! तिकडे फक्त ३ इंच मिळताहेत. आणि वर ५ इंचावर ड्रिल लावलं तर पोराचा हात भरून आला, भोक अर्धा इंचसुद्धा गेलं नाही.

शिलाईवाला, धुळे

ते लिंटेल आहे मावशी, खिडकीवरची सिमेंट-काँक्रीटची तुळई. साध्या ड्रिलने होणार नाही, हॅमर ड्रिलवाल्याला बोलवा. डावीकडे ३ तर ३, उजवीकडे ९ घ्या. दांडी ६० चीच राहील, कापडात काही फरक नाही. फक्त उजवा पाट थोडा मोठा शिवायला सांगा, आणि शिंप्याला डावा-उजवा खोलीत उभं राहून धरायचा की बाहेरून, ते लिहून द्या. या एका गोष्टीवरून माझ्याकडे भांडणं झालीत.

मधे तिसरं ब्रॅकेट विसरू नका. पाच फुटांची दांडी जाड कापडाच्या वजनाने वाकते.

भुसावळची मावशी

लिहून घेतलं. कापड आज भिजत घातलंय, बादलीत रंगही उतरला थोडा. तो आधीच उतरला ते बरंच झालं, भिंती पांढऱ्या आहेत.