बेल्ट लावलाय तरी सीट बेल्टचा लाल दिवा विझत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आठ-दहा दिवस झाले, ड्रायव्हरचा बेल्ट लावला की टक् आवाज येतो, ओढून बघितला तरी सुटत नाही, आणि तरीही मीटरमधला लाल दिवा चालूच, गाडीने थोडा स्पीड घेतला की टुंग टुंग पण सुरू. आधी फक्त खड्ड्यातून गेल्यावर लागायचा आणि आपोआप जायचा म्हणून मी लक्ष दिलं नाही, ते चुकलंच.

आधी बाजूच्या सीटवरची बॅग उचलली, कारण त्या सीटमध्ये वजन ओळखणारा सेन्सर असतो आणि जड बॅग असली तरी गाडीला माणूस बसलाय असं वाटतं. काही फरक नाही. मागे कुणी नसतानाही लागतो, म्हणजे माझ्याच बेल्टचा आहे. मग टॉर्च मारून बकलच्या खाचेत बघितलं, थोडी धूळ होती ती हवा मारून काढली, बेल्ट वीसेक वेळा लावला-काढला. एक दिवस बरं वाटलं, परत तेच.

आता मला गोंधळात टाकणारी गोष्ट. बकल हाताने दाराच्या बाजूला दाबून धरलं तर कधीकधी दिवा जातो, आणि सीट पूर्ण मागे सरकवली तरी जातो. मग बकलच्या आतला स्विच गेलाय का सीटखालची वायर? बकल बदलायचं म्हणजे अख्खा भाग बदलावा लागतो असं ऐकलंय, म्हणून नक्की झाल्याशिवाय हात लावायचा नाहीये. एकाने नुसती क्लिप मिळते ती अडकवून टाक म्हणून सांगितलं, पण मला आवाज बंद करायचा नाहीये, दोष काढायचाय. गाडीत लहान मूल असतं. एअरबॅगचा दिवा स्टार्ट करताना लागून काही सेकंदात विझतो, तो नॉर्मल आहे.

----

प्रतिसाद १
क्लिपचा विचार केला नाहीत ते उत्तम. ती बकलची जागा अडवते, खरा बेल्ट लावताच येत नाही, आणि स्विच किंवा वायर गेलेली असेल तर क्लिप घालूनही दिवा लागेलच, कारण तीही तोच स्विच दाबते.

सीट सरकवल्यावर दिवा जातो म्हटल्यावर मी आधी वायर बघेन. बकल अजिबात न हलवता फक्त सीट मागेपुढे करा आणि दिवा कुठल्या जागेला बदलतो ते बघा. दरवेळी साधारण एकाच जागी बदलला तर ताण वायरवर येतोय. सीट स्थिर ठेवून नुसतं बकल हलवल्यावरच बदलत असेल तर मात्र आतला स्विच. मध्ये कधी सीटखाली व्हॅक्यूम मारला होता का? नळी लागून प्लग ढिला होतो.

एक कळकळीची विनंती, इग्निशन चालू असताना तिथला कुठलाही प्लग काढू नका. पिवळे प्लग एअरबॅग आणि बेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचे असतात, त्यांना मल्टीमीटर तर लावूच नका. बॅटरीची मायनस केबल काढून दहा मिनिटं थांबा, मगच हात घाला. बऱ्याच गाड्यांत बेल्ट लागलाय का हे एअरबॅगचा कंट्रोलरही बघतो, त्यामुळे हे काम फार दिवस लांबवू नका.

प्रतिसाद २
माझ्या बकलमध्ये सरबत सांडलं होतं, आत चिकट होऊन स्विच अडकायचा. शेवटी बकलच बदललं. तेलाचा स्प्रे आत मारू नका, त्यावर धूळ बसून जास्त बिघडतं.

----

धागाकर्ता
व्हॅक्यूमचं बरोबर ओळखलंत, महिन्यापूर्वी मारला होता! बॅटरी काढून थांबलो, मग बघितलं तर बकलकडून येणारा प्लग अर्धवट बाहेर, लॉक बसलेलंच नव्हतं. दाबून बसवला, दोन दिवसांत दिवा एकदाही लागला नाही. मनापासून आभार. पण त्याच वायरवर सीटच्या रेलला घासल्याची खूण दिसतेय, आतली तार दिसत नाही. टेप मारू का?

प्रतिसाद १
पिवळ्या आवरणातली असेल तर टेप नको, वर्कशॉपला दाखवा. साधी वायर असेल तर कापडी टेप मारा आणि रेलपासून लांब बांधून घ्या, पण सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे करून वायर ताणली जात नाही ना ते बघूनच बांधा.