सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम) असलेल्या मुलाचा आरडाओरडा कसा हाताळता?

वारजेकर_आई: मुलगा सहा वर्षांचा आहे, स्पास्टिक क्वाड्री, म्हणजे चारही हातपाय कडक. बोलणं दोनचार शब्दांचंच पण समजतं सगळं. हल्ली संध्याकाळी एएफओ (घोटा-पावलाचे स्प्लिंट) घालायला घेतले की अंग कडक करतो, डोकं मागे आपटतो, स्वतःचा हात चावतो. सासूबाईंना बघवत नाही, त्या लगेच मोबाईल देतात आणि मग गप्प होतो. त्यात जवळच ढोलपथकाचा सराव सुरू झालाय. ओरडावं का समजूत काढावी, खरंच कळत नाहीये.

कोथरूडची_मीरा: ताई, आधी ओरडू नका, काही दुखतंय का ते बघा. आमच्या लेकीचं असंच चालायचं, सगळे म्हणायचे हट्टी झालीये. एएफओ काढल्यावर घोट्याला, टाचेला लाल वण दिसतात का? वीसेक मिनिटांत गेले तर ठीक, तसेच राहिले तर तो स्प्लिंट टोचतोय, मुलं वाढतात आणि स्प्लिंट लहान पडतो, ऑर्थोटिस्टकडून, म्हणजे स्प्लिंट बनवणाऱ्यांकडून, सैल करून घ्या. डायपर बदलताना पाय फाकवले की रडतो का तेही बघा, क्वाड्रीमध्ये खुबा हळूहळू सरकू शकतो म्हणून ठरावीक काळाने हिपचा एक्सरे काढतात, तुमचा झालाय का? आणि पोट साफ होतंय का? बद्धकोष्ठता आमच्याकडे अर्ध्या रडण्याचं कारण होती.

ओटी_पुणे: मीराताईंशी सहमत. फिट्सचं औषध चालू आहे का? लेव्हेटिरासिटॅमने काही मुलं खूप चिडचिडी होतात. असं असेल तर न्यूरोच्या डॉक्टरांना सांगा, पण स्वतःहून अजिबात बंद करू नका. दुखणं नसेल तर त्याला 'नको' म्हणायची सोय करून द्या. हात उचलत नसेल तर नजरेने, एका बाजूला 'थांब'चा फोटो, दुसऱ्या बाजूला 'चालेल'चा. थांबकडे बघितलं की खरंच थांबायचं, दहा अंक मोजायचे आणि मग पुन्हा घ्यायचं. नुसतं विचारून पुढे रेटलं तर त्याचा त्या फोटोवरचा विश्वासच जाईल. डोकं आपटताना मागे उशी धरा, गुडघे आणि खुबे वाकवून जवळ घ्या, ताण सुटायला मदत होते.

बाबा_सिंहगडरोड: ढोलाचं म्हणाल तर या मुलांना अचानक आवाजाने सगळं अंग दचकतं, ते त्यांच्या हातात नसतं. सराव सुरू व्हायच्या आत स्प्लिंटचं उरकून घ्या. पण माझं स्पष्ट मत, सीपी आहे म्हणून सगळंच चालवून घेऊ नये. मोबाईल द्यायचाच तर रडायच्या आधी, एएफओ घालताना एक गाणं असं ठरवून. रडल्यावर मिळाला की तो तेच शिकणार, त्याला समजतं सगळं असं तुम्हीच म्हणताय. सासूबाईंनाही शेजारी बसवून सांगा, त्या मायेपोटीच करतात.

वारजेकर_आई: सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच पाय बघितले, उजव्या टाचेला वण आहे आणि तासभर झाला तरी गेला नाहीये 😔 उद्याच फोन करते. तोपर्यंत घालू का?

ओटी_पुणे: उजवा नको, वण गेल्यावरही तो दुरुस्त होईपर्यंत घालू नका. डावा चालेल, काढल्यावर तोही पाय बघा. आणि आत्ताच्या वणाचा फोटो काढून ठेवा, ऑर्थोटिस्टला दाखवता येईल.