मदत हवी आहे: तज्ज्ञासोबत भागीदारीत ऑनलाइन कोर्स – वाटणी, करार आणि चित्रीकरण

पडद्यामागे:
नमस्कार मंडळी. विषय शिकवणार तज्ज्ञ आणि चित्रीकरण, संकलन, विक्री माझ्याकडे, अशा भागीदारीत कोर्स काढून उत्पन्न मिळवायचं आहे. बैठं काम करणाऱ्यांच्या मान-पाठदुखीवर एका फिजिओथेरपिस्टशी बोलणं बरंच पुढे गेलंय. त्यांचं म्हणणं "५०-५० करू". ते रास्त आहे का, की एकरकमी मानधन देऊन मोकळं व्हावं? करारात काय हवंच? आणि एरवी छान समजावून सांगणाऱ्या बाई कॅमेरा लागला की पुस्तकी बोलायला लागतात, त्यावर उपाय काय?

हिशेबनीस:
५०-५० ठीक आहे, पण कशाचे ५० ते आधी लिहा. भांडणं टक्क्यांवरून फार होत नाहीत, "निव्वळ" या शब्दावरून होतात.

ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या यूडेमी या संकेतस्थळाचंच घ्या. शिक्षकाच्या स्वतःच्या कूपनवरून किंवा लिंकवरून विक्री झाली तर ९७ टक्के शिक्षकाकडे येतात. यूडेमीने स्वतः गिऱ्हाईक आणलं तर ३७. म्हणजे कर वगळून १०० ची विक्री झाली, हातात आले ३७, त्यातले १० जाहिरातीला गेले, उरले २७. प्रत्येकी साडेतेरा. समोरच्या माणसाच्या डोक्यात मात्र ५० असतात. हे गणित करारावर सही होण्यापूर्वी कागदावर मांडून दाखवा, एकदा ९७ धरून आणि एकदा ३७ धरून.

निव्वळ रकमेच्या व्याख्येत वजावटी नावानिशी येऊ द्या: कर, प्लॅटफॉर्मचा वाटा, पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचं) शुल्क, परत केलेले पैसे आणि दोघांनी आधी मान्य केलेला जाहिरात खर्च, तोही कमाल मर्यादेसह. तुमचा कॅमेरा, तुमचं सॉफ्टवेअर, संकलनाचे तास हे त्यात घालू नका. तो तुमच्या वाट्याचा ऐवज आहे. त्याच्याच बदल्यात तुम्हाला अर्धा हिस्सा मिळतो. स्टुडिओचं भाडं किंवा ॲनिमेशन असा बाहेरचा खर्च "पहिल्या उत्पन्नातून आधी वसूल" करायचा असेल तर त्याचा आकडा गोठवा.

यूडेमीवर विद्यार्थ्याला ३० दिवसांत पैसे परत मागता येतात. त्यामुळे महिना संपला की लगेच वाटप करू नका. तिमाही हिशेब आणि तिमाही संपल्यावर ४५ दिवसांनी पैसे, असं ठेवलं की दिलेले पैसे परत मागण्याची वेळ येत नाही. यूडेमीवर सहशिक्षक म्हणून नोंद करून टक्केवारी लावता येते, मग ज्याचा वाटा त्याच्याकडे थेट जातो.

एकरकमी मानधन मला या कामात पटत नाही. पैसे हातात पडल्यावर विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरं देण्यात तज्ज्ञाला रस का राहील? मधला मार्ग आहे: थोडी आगाऊ रक्कम द्यायची आणि ती पुढे त्यांच्या वाट्यातून वळती करायची. विक्री झालीच नाही तर ती परत मागायची नाही, हेही लिहायचं. तज्ज्ञाकडे स्वतःचा वाचकवर्ग किंवा ईमेल यादी असेल तर ५०-५० रास्त. नसेल आणि सगळं गिऱ्हाईक तुम्हीच आणणार असाल तर ६०-४० मागायला संकोच करू नका.

कलमदार:
वरच्याशी सहमत. पैशांइतकाच मालकीचा प्रश्न मोठा आहे आणि तो चार ठिकाणी वेगवेगळा सोडवावा लागतो: कच्चं चित्रीकरण, तयार कोर्स, लेखी साहित्य, आणि तज्ज्ञाचं नाव-चेहरा. सोपी मांडणी अशी. तयार कोर्स दोघांचा, लेखी साहित्य तज्ज्ञाचं आणि कोर्सपुरती वापराची परवानगी तुम्हाला. कच्चं चित्रीकरण तुमच्याकडे, पण त्यातला तुकडा त्यांच्या लेखी संमतीशिवाय इतरत्र वापरायचा नाही.

बाई कुठे नोकरीला असतील तर त्यांचा नोकरीचा करार आधी वाचून घ्या. कामाच्या ठिकाणी तयार झालेल्या स्लाइड, तक्ते, रुग्णांची छायाचित्रं मालकाची असू शकतात. चित्रीकरण झाल्यावर हे कळलं तर अख्खे धडे फेकावे लागतात.

स्पर्धेचं कलम हलकं ठेवा. "या विषयावर कुठेही शिकवायचं नाही" असं लिहिलंत तर चांगला तज्ज्ञ उठून जाईल, आणि बरोबरच आहे. "याच विषयावरचा रेकॉर्डेड कोर्स १८ महिने दुसऱ्याबरोबर नाही" एवढं पुरे.

वेगळं व्हायची वाट आजच लिहा: मागच्या १२ महिन्यांत बाहेर पडणाऱ्याला मिळालेला वाटा गुणिले ठरलेला आकडा (दीड किंवा दोन), एवढे देऊन दुसऱ्याने हिस्सा विकत घ्यायचा. ज्यांनी कोर्स आधीच घेतलाय त्यांचं काय, तेही.

तिसरा कॅमेरा:
पुस्तकी बोलण्याचं कारण बहुतेक वेळा लिहून आणलेलं भाषण असतं. माणूस मिनिटाला साधारण १३० ते १५० शब्द बोलतो. तीन तासांचा कोर्स म्हणजे पंचवीस हजारांच्या आसपास शब्द! ते लिहिणं, पाठ करणं, दोन्ही व्यर्थ. प्रत्येक धड्याला तीन मुद्दे, मोठ्या अक्षरात एका कार्डावर, बस.

तुम्ही लेन्सच्या अगदी मागे बसा, डोळे लेन्सच्या उंचीला, आणि प्रश्न विचारा. प्रश्न संकलनात कापला जाणार, म्हणून उत्तरात प्रश्न आला पाहिजे हे त्यांना आधी सांगा. "खुर्ची किती उंच हवी?" याला "पाय जमिनीला टेकतील इतकी" हे उत्तर कापल्यावर लटकतं. "खुर्चीची उंची ठरवताना आधी पाय बघा, तळवे पूर्ण टेकले पाहिजेत" हे चालतं. पहिली पंधरा-वीस मिनिटं सरावाची समजा. दिवसाला चार तासांपुढे आवाज बसतो आणि चेहरा थकतो.

व्यायाम दाखवताना दोन कॅमेरे हवेत, समोरून आणि बाजूने. मणक्याचा बाक समोरून दिसतच नाही. सुरुवातीला एक टाळी वाजवा, दोन्ही चित्रं जुळवायला सोपं जातं. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर उत्तम, पण वाकलं की कापडाला घासतो. तेव्हा माइक वरून टांगा किंवा वर्णन नंतर वेगळं रेकॉर्ड करा. दिवे लुकलुकत असतील तर ५० हर्ट्झच्या विजेवर शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झवर १/६०. बारीक रेघांचे कपडे नकोत, चित्रात लाटा उठतात.

धडे सहा मिनिटांच्या आत ठेवा. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंवर २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण तेवढाच वेळ टिकतात असं दिसलं होतं.

पडद्यामागे:
मनापासून आभार. आणखी दोन शंका. बाईंना महिन्यातून दोनच अर्धे दिवस मोकळे असतात. आणि इतकं सगळं करण्याआधी हा कोर्स विकला जाईल का, हे कसं तपासायचं?

हिशेबनीस:
आधी ९० मिनिटांचं एक सशुल्क थेट सत्र घ्या, फुकट नको. फुकटच्या गर्दीवरून काहीच कळत नाही. किती जणांनी पैसे भरले यावर पुढचं ठरवा. त्या सत्रात आलेले प्रश्न जसेच्या तसे उतरवून ठेवा, धड्यांची नावं तिथूनच मिळतील.

तिसरा कॅमेरा:
दोन अर्धे दिवस पुरतात. आराखडा, कार्डं, वस्तूंची यादी तुम्ही तयार ठेवायची. त्यांचा वेळ फक्त बोलायला आणि करून दाखवायला. त्या दिवसाचं फुटेज दोन ठिकाणी उतरल्याशिवाय मेमरी कार्ड पुसू नका. कच्चं संकलन त्यांना वेळेच्या खुणांसह पाठवा आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या करारातच लिहा. तपासणी टाळू नका, कारण "उजवा" ऐवजी "डावा" म्हटलेलं संकलकाच्या लक्षात येत नाही, तज्ज्ञाच्या येतं.

कलमदार:
विषय आरोग्याचा आहे म्हणून पहिला धडा "हा कोर्स कोणी करू नये" असा ठेवा. हात-पाय बधिर होणं, ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं यांपैकी काही असेल तर व्यायाम न करता ताबडतोब डॉक्टर गाठायचा, हे बाईंनी स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगायला हवं. तेच विक्रीच्या पानावरही लिहा, पैसे भरायच्या बटणाच्या वर.