सांधेदुखी असलेल्या हातांसाठी घडीचा चाकू कोणता घ्यावा?

प्रश्न
माझ्या आईच्या दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी संधिवात आहे. बागेतली सुतळी कापणे, प्रवासात फळ चिरणे एवढ्यासाठी तिला घडीचा चाकू हवा आहे. घरातल्या जुन्या चाकूचे पाते नखाच्या खाचेत धरून ओढणे तिला जमत नाही. उघडायला हलका, पण काम करताना बोटांवर मिटणार नाही, असा चाकू सुचवावा.

उत्तर १
तुमच्या जुन्या चाकूत बहुधा उघडे पाते अडवून ठेवणारा खटका नसून पाठीमागची पोलादी पट्टी पाते दाबून धरत असावी. पाते मिटलेले राहते तेही त्याच दाबाने आणि उघडे राहते तेही त्यानेच. त्यामुळे असा चाकू उघडायला हलका केला की काम करताना मिटण्याचा धोका वाढतो. म्हणून खटक्याचाच घ्यावा. स्पायडर्को या अमेरिकी चाकू कंपनीने १९८१ पासून पात्याला गोल भोक ठेवले आहे, ज्यात नखाऐवजी अंगठ्याचे पेर टेकवून पाते लोटता येते, तेही डाव्या किंवा उजव्या कोणत्याही हाताने. मात्र मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकवून सोडावा लागणारा खटका टाळावा, कारण तो सोडताना अंगठा नेमका पात्याच्या वाटेत असतो. उघडण्याची चौकशी सगळेच करतात, मिटवण्याची सहसा कोणी करत नाही.

उत्तर २
वरील माहिती बरोबर असली तरी भोकातून पाते लोटण्याचा जोर अंगठ्याच्या बुडावरच येतो, आणि दुखणे तर तिथेच आहे. मला ओपिनेल हा लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू अधिक योग्य वाटतो. त्यात स्प्रिंग नाही. मिटलेल्या पात्याचा बराच भाग मुठीबाहेर राहत असल्याने तो चिमटीत धरून दोन्ही हातांनी उघडता येतो, आणि नंतर मुठीच्या मानेवरचे, म्हणजे पात्याच्या बुडाशी असलेले, धातूचे कडे फिरवले की पाते अडते. हे कडे १९५५ मध्ये आले. आठ क्रमांकाच्या मापातले पाते साडेआठ सेंटीमीटरचे असते, फळांना ते पुरेसे आहे. उणीव एकच, पण आपल्याकडे मोठी: लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते आणि पाते घट्ट बसते. तेव्हा कडे मोकळे करून मुठीचे टोक लाकडी फळीवर हलकेच ठोकले की पाते थोडे बाहेर येते. कोकणात राहत असाल तर प्लास्टिकच्या मुठीचा प्रकार पाहावा. कडे आईंच्या बोटांनी फिरते का, हे दुकानातच त्यांना करून पाहू द्यावे. नवे कडे कधी कधी ताठ असते.

उत्तर ३
बटण दाबताच उघडणारा, रामपुरी पद्धतीचा चाकू सर्वांत सोपा वाटेल, पण घेऊ नये. तो पिशवीत चुकून उघडू शकतो आणि पोलिसांचा प्रश्न वेगळाच. बागेसाठी मात्र घडीचाच हवा, हा आग्रह मला पटत नाही. स्वीडनच्या मोरा चाकूसारखा जाड मुठीचा, म्यानातला आखूड चाकू उघडावाही लागत नाही आणि मिटवावाही लागत नाही.

प्रश्नकर्ता
बागेसाठी म्यानातला चाकू तिला पटला. प्रवासासाठी ओपिनेल पाहू; कडे तिलाच फिरवायला सांगतो.

उत्तर २
विमानाने जाणार असाल तर तो हातातल्या पिशवीत चालणार नाही, चेक-इनच्या सामानात ठेवावा.