वाडीत 40 घरं. टॉवर द्यायचा की नाही?

कोयनाकाठ
चार दिवस झाले, शिवसागराच्या (कोयना धरणाच्या जलाशयाच्या) पलीकडे कांदाटी खोऱ्यात मामाकडे आहे. मामाच्या वाडीत रेंज नाही. रेशनचा थंब घ्यायचा तर दुकानदार पॉस मशीन घेऊन रेंजसाठी टेपावर (टेकाडावर) चढतो, मागून म्हातारी माणसं. अशा गावांत फोनसेवा पोचवायला 2002 पासून सरकारचा सार्वत्रिक सेवा निधी आहे. टेलिकॉम कंपन्यांच्या एजीआरचे (म्हणजे समायोजित एकूण महसुलाचे) 5 टक्के त्यात जातात. म्हणजे शेवटी आपल्याच रिचार्जचे. 2023 च्या कायद्याने त्याचा 'डिजिटल भारत निधी' झाला. बारसं झालं, वाडीत अजून रेंजची एक दांडी नाही.

हिशेबी कराडकर
40 घरांचा टॉवर चालवणार कोण? वीज गेली की डिझेल लागतं, ते काय लाँचने न्यायचं? कंपनीने धर्मशाळा उघडलेली नाही.

कोयनाकाठ
धंदा बसत नाही म्हणूनच तर निधी आहे ना भाऊ! निविदा निघते, सगळ्यात कमी अनुदान मागेल त्याला काम. आणि शिवसागरात जमिनी गेल्या तेव्हा कुणी घरं मोजली होती का?

हिशेबी कराडकर
धरण मध्ये आणू नका. पैशाचं रडगाणं तर नकोच. 2022 मध्ये केंद्राने 24,680 गावांना फोरजी द्यायला 26,316 कोटी मंजूर केले. तुमच्याकडे डोंगर, पाणी, वर व्याघ्र प्रकल्प. खांब रोवायला वनखात्याची परवानगी आधी आणा.

जतची सून
आमच्याकडे ना जंगल, ना डोंगर. उघडा माळ. ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटची फायबर केबल न्यायची योजना 2011 साली मंजूर झाली, पुढे तिलाच भारतनेट म्हणू लागले. आमच्या गावातही पेटी बसली. मग रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल तोडली. आता पेटीवर सरपंचांचे हारतुरे ठेवतात. कागदावर मात्र गाव जोडलेलंच! माझं म्हणणं, केबल किती किलोमीटर टाकली ते राहू द्या. महिन्यात किती दिवस चालू होती ते बघून ठेकेदाराचं बिल काढा.

हिशेबी कराडकर
वहिनी, ह्याला माझं अनुमोदन. टॉवरला नाही.

कोयनाकाठ
अहो, आधी काही उभं राहिलं तर दिवस मोजणार ना? परवानगीचं म्हणता ते मान्य, पण तो अर्ज वाडीने करायचा की सरकारने? हेही टेपावरूनच लिहितोय. पाऊस आला, उतरतो. बाकीचं उद्या.