मदत हवी आहे : चोरलच्या दरीचे शरदातले फोटो

मंडळी, नमस्कार. आमच्या इंदूरच्या मंडळाच्या दिनदर्शिकेसाठी चोरल नदीच्या दरीचे फोटो काढायचे आहेत, पाताळपाणी ते कालाकुंड या पट्ट्यातले. माळव्याचं पठार इथे संपतं आणि नदी विंध्याच्या उतारावरून दक्षिणेला, नर्मदेकडे धावते. कोजागिरीनंतरचे दिवस मला फार आवडतात. पाऊस सरलेला, हवा धुतलेली, गवत पिवळं पडलेलं आणि सागाची रुंद पानं कडेने तांबूस व्हायला लागलेली. पानगळ मात्र अजून लांब असते.

अडचण उजेडाची आहे. सकाळी ऊन आधी वरच्या कड्यावर येतं, खाली नदी सावलीतच. कड्याप्रमाणे एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड) धरलं तर पाणी काळं पडतं, पाण्याप्रमाणे धरलं तर गवत पांढरंफटक. ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली पारदर्शक काच) लावावा, तर कड्यावरच्या झाडांचे शेंडेही त्यात काळवंडतात. मग ट्रायपॉडवर कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो घेऊन जोडावेत का? वाऱ्याने पानं हलली की जोड दिसतो, त्यावर काय करता?

ओल्या खडकांची चमक मारायला पोलरायझर हवाच, पण १८ एमएमच्या रुंद दृश्याला आकाश एका बाजूला गडद येतं. अशा वेळी आकाश फ्रेमबाहेर ठेवता का? की सरळ ७०-३०० एमएमची लांबचं जवळ आणणारी लेन्स लावून दरीचे तुकडेच टिपावेत? माझा कल त्याकडेच आहे.

आणि कड्याच्या टोकाशी न जाता नदीचं वळण दिसेल अशी सुरक्षित जागा कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा, बरोबर शाळकरी मुलंही येणार आहेत.